सोडून गेलेल्यांबद्दल विचार

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते आहे. गंगापूर रोडवरच्या ज्या सत्संगाला तू मैत्रिणीबरोबर जायला लागलीस, तो ‘कल्ट’, म्हणजे माणसाला जखडून ठेवणारा पंथ, आहे का, असं तू विचारलंस. तिथले गुरुजी काय सांगतात, कुठला मंत्र देतात, पांढरे कपडे का घालायला लावतात, हे सगळं तू कळवलंस. मला हवी असलेली माहिती मात्र त्यात नाही. मागच्या वर्षी नेमानं येणारं आणि आता यायचं थांबलेलं कुणी आहे का? त्या माणसाचं नाव निघालं की तिथले लोक काय बोलतात?

एखाद्याची श्रद्धा आपल्याला विचित्र वाटली, म्हणून तो गट धोक्याचा ठरत नाही. नाशिककरांना तरी हे समजावून सांगायला नको. सिंहस्थात भस्म फासलेले नागा साधू त्र्यंबकला कुशावर्तावर स्नानाला उतरतात, तपोवनात वैष्णवांचं साधुग्राम वसतं, वर्षानुवर्षं एक हात वर धरून राहिलेले तपस्वी आपण पाहतो. बाहेरून आलेल्याला हे अचाट वाटेल. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या पायी येतात. एखादा माळकरी एका वर्षी आला नाही, तर ‘आता तुझ्या घरावर संकट येणार’ असं सांगायला कुणी त्याच्या दारात जात नाही. पुढच्या वर्षी तो आला, की त्याच्या पाया पडून त्याला दिंडीत घेतात. गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आपल्या गोदाकाठी आहे. एवढी माणसं त्यांच्या मागे होती, पण आपल्याला कुणी शिष्य नाही असंच ते सांगत राहिले.

तू म्हणशील, घरच्यांपासून तोडतात तो कल्ट, ही तरी खूण पक्की आहे ना? तेवढ्यानं भागत नाही. नागा दीक्षा घेताना साधू स्वतःचं पिंडदान करतो. याहून मोठी ताटातूट कोणती? पण त्याआधी तो काही वर्षं ब्रह्मचारी म्हणून गुरूची सेवा करतो, आणि या वाटेवर काय काय सुटणार, हे त्याला आणि त्याच्या आईलाही पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. (अजाण मुलांना अशी दीक्षा देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. त्यांना कळून निवड करताच येत नाही.) मी ज्या गटांबद्दल बोलते आहे, ते पहिल्या दिवशी शेवटची पायरी दाखवत नाहीत. सुरुवात ध्यानापासून, व्यक्तिमत्त्व विकासापासून, परीक्षेच्या ताणावर उपाय म्हणून होते. गुरूला सर्वस्व अर्पण करायचं आहे, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

समुपदेशनाच्या कामात अशा घरांतली माणसं माझ्यासमोर बसली आहेत, म्हणून हे कसं घडतं ते सांगू शकते. आधी माया मिळते, आणि ती भरभरून मिळते. निफाडहून, दिंडोरीहून शिकायला आलेल्या, खोलीत एकट्या पडलेल्या मुलीला कुणी रोज ‘जेवलीस का’ विचारतं, वाढदिवस लक्षात ठेवतं. त्या मायेत तसं वाईट काही नाही, म्हणून तर ती ओळखू येत नाही. मग सेवा येते. आधी आठवड्यातला एक तास, मग पूर्ण रविवार, मग पहाटे चारला उठणं. झोप मोडली की विचार करायची ताकदही जाते. मग सगळ्यांसमोर मन मोकळं करायला सांगतात, आणि तू रडत सांगितलेली गोष्ट तुझ्या विरोधात कधी वापरता येईल, हे दुसऱ्या कुणाच्या हातात जातं. तोवर तू इतका वेळ, पैसा आणि शब्द गुंतवलेले असतात, की हे चुकलं असं स्वतःशी म्हणणंसुद्धा महाग पडतं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती एका वाक्याची. नवस फळला तर गुरूची कृपा, आणि नाही फळला तर ‘तुझी श्रद्धा कमी पडली’. या मांडणीत गुरू कधीच चुकू शकत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी चीनमधल्या ‘विचारसुधारणे’तून, म्हणजे सक्तीनं विचार बदलायला लावण्यातून, गेलेल्या माणसांचा १९५०च्या दशकात अभ्यास केला आणि अशा बंदिस्त वातावरणाच्या आठ खुणा मांडल्या. बाहेरच्या जगाशी बोलणं आवळणं, सतत कबुली द्यायला लावणं, माणसाच्या अनुभवापेक्षा सिद्धांत खरा मानणं, ही त्यातलीच. आणि सगळ्यात भयंकर खूण म्हणजे, जो आपला नाही त्याला जगण्याचाच हक्क नाही, असं मानणं.

यात अडकणारे मूर्ख असतात, असं मात्र समजू नकोस. अमेरिकेतल्या जिम जोन्स या धर्मगुरूच्या पीपल्स टेंपल पंथात गोरे-काळे एका ओळीत बसत, गरिबांना फुकट जेवण मिळे. ज्या काळात अमेरिकेत हे दुर्मीळ होतं, त्या काळात चांगली माणसं चांगल्या कारणासाठीच तिथे गेली. पुढे ती जोन्सबरोबर दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या जंगलात वसली. नोव्हेंबर १९७८ मध्ये लिओ रायन हे खासदार चौकशीला आले, तेव्हा काही जणांनी ‘आम्हाला तुमच्याबरोबर न्या’ असं सांगितलं. त्यानंतर रायन यांना धावपट्टीवर गोळ्या घातल्या गेल्या आणि १८ तारखेला जोन्सच्या हुकमावरून विषानं ९००हून अधिक माणसं मेली. त्यात ३००हून अधिक मुलं होती. मूठभर माणसांनी परत जायचं म्हटलं, एवढंच निमित्त झालं होतं. जपानमधला ओम शिनरिक्यो हा पंथ १९८४ साली एका योगवर्गातून सुरू झाला. त्यात शास्त्र शिकलेले तरुण होते, एक हृदयशल्यचिकित्सकही होता. सभासदांच्या घरच्यांसाठी लढणाऱ्या वकिलाला त्यांनी १९८९ मध्ये बायको आणि तान्ह्या मुलासह मारलं, आणि २० मार्च १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी वायू सोडला.

तुझ्या सत्संगात असलं काही होईल, असं मी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी खून पडत नाहीत. एखादीचं शिक्षण सुटतं, आईचे दागिने जातात, बहीण बहिणीशी बोलेनाशी होते. सोडून जाणाऱ्याला वाळीत टाकणं तर आपल्याकडे जातपंचायतींनीही केलं आहे. त्यांना मूठमाती देण्याची मोहीम २०१३ मध्ये नाशिकमधूनच उभी राहिली आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा कायदा पुढे आला. म्हणून जुनं आणि मोठं ते सुरक्षित, नवं आणि लहान ते घातक, असा हिशेब मांडू नकोस.

कायदाही कुणाची श्रद्धा मोजत बसत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी, डिसेंबर २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्यानं यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हात लावलेला नाही. चमत्काराच्या नावाखाली फसवणं, दहशत बसवणं, शोषण करणं हा गुन्हा ठरवला, आणि सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली.

आता तू काय करायचंस ते सांगते. येता रविवार चुकव. आजारपणाची सबब सांगू नकोस, ‘मला यायचं नव्हतं’ एवढंच सांग आणि काय होतं ते बघ. एक फोन आला तर आपुलकी म्हणू. लागोपाठ माणसं खोलीवर आली, मैत्रिणीला तुझ्याशी बोलायला मनाई झाली, तर तुला बरंच कळेल. पैसे मागितले तर पावती आणि ट्रस्टचा नोंदणी क्रमांक माग. विश्वस्त संस्थांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते आणि त्यांचं कार्यालय नाशिकमध्येही आहे. आधार कार्ड, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक कुणाच्या ताब्यात देऊ नकोस, कर्ज तर अजिबात काढू नकोस. गुरुजी एकांतात बोलावतील तेव्हा एकटी जाऊ नकोस, कारण काहीही सांगितलेलं असलं तरी.

तुझी मैत्रीण तुझ्यापेक्षा खोल गेली आहे, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. तिच्याशी गुरुजींवरून भांडू नकोस. ‘बाहेरचे आपल्याला समजून घेत नाहीत’ असं तिला आधीच सांगून ठेवलेलं असेल, आणि तू भांडलीस की ते खरं ठरेल. तिच्याबरोबर चहाला जा, अभ्यासाचं बोल, तिच्या आईची चौकशी कर. कधीतरी तिलाच विचार, ‘उद्या तुला यायचं नसलं तर चालेल का गं तिथे?’ उत्तर लगेच मागू नकोस.

सोमवारी मला फोन कर आणि रविवारी काय झालं ते सांग. शिबिराला वगैरे पैसे मागितले असतील, तर तोवर भरू नकोस.

तुझी,
मावशी