उजवा खुबा आणि उजवाच गुडघा: आधी कोणता, कधी, आणि तयारी काय करायची

तुमच्या आईंचं वय ६८, उजवा खुबा आणि उजवा गुडघा दोन्ही झिजलेले, एक्स-रेच्या रिपोर्टवर 'ग्रेड ४', सर्जन म्हणतात दोन्ही बदलावे लागतील, आणि आई म्हणतात "चालतंय ना अजून, मग कशाला?" थांबावं की करून टाकावं, आणि आधी कोणतं, हे तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर अशाच रुग्णांबरोबर माझं काम चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्रेड ४ म्हणजे एक्स-रेवर दोन हाडांमधली जागा जवळपास संपलेली दिसते, एवढंच. किती दुखतं, रात्री झोप लागते का, जिना चढवतो का, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. ग्रेड ४ असूनही रोज फिरायला जाणारी माणसं मी पाहते, आणि ग्रेड २ वर हैराण झालेलीही. त्यामुळे नुसत्या फोटोवरून तारीख ठरवू नका.

पण आईंच्या "चालतंय" वरही लगेच विश्वास ठेवू नका. सांधा हळूहळू झिजतो तशी माणसं एकेक गोष्ट गुपचूप सोडत जातात आणि उरलेल्या गोष्टी जमतात म्हणून "चालतंय" म्हणतात. "दुखतं का?" असं विचारू नका. "गेल्या वर्षभरात काय काय करायचं सोडलंत?" असं विचारा. उजव्या पायाची नखं स्वतः कापता येतात का? मोजा घालताना पाय वर घेता येतो का? बाहेर जायचं कुणी सुचवलं की कारणं सांगून टाळतात का? कूस बदलताना दुखून जाग येते का? या उत्तरांवरून सर्जनना एक्स-रेपेक्षा जास्त कळेल.

आता आधी कोणता ते. दोन्ही सांधे सारखेच बिघडले असतील तर बहुतेक सर्जन आधी खुबा घेतात, आणि मला ते पटतं. खुब्याचं दुखणं जांघेत जाणवतं, मांडीच्या पुढच्या भागातून खाली उतरतं आणि पुष्कळदा थेट गुडघ्यात जाऊन बसतं. एकाच बाजूचे दोन्ही सांधे खराब असताना गुडघ्याचं म्हणून जे दुखतंय त्यातलं किती गुडघ्याचं आणि किती खुब्याचं, हे वरवर सांगता येत नाही. शंका असेल तर खुब्यात बधिर करणारं इंजेक्शन देऊन गुडघ्याचं दुखणं तेवढ्यापुरतं थांबतं का, हे डॉक्टर पाहू शकतात. तसं विचारायला संकोच करू नका. शिवाय खुब्यानंतरची उभारी गुडघ्यापेक्षा सोपी जाते, आणि आखडलेल्या खुब्यावर गुडघ्याचे व्यायाम नीट करता येत नाहीत.

थांबायचं ठरवलं तर नुसतं थांबू नका. गोळ्या खाऊन वाट पाहणं म्हणजे उपचार नव्हे. झिजलेल्या सांध्यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंचा नियमित व्यायाम, किमान सहा ते बारा आठवडे. व्यायामाने थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं तर चालू ठेवायचं, त्यापेक्षा लांबलं तर प्रमाण कमी करायचं. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. काठी घ्यायची ती डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला, आणि हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेत येईल एवढ्या उंचीची. उजव्या हातात काठी धरून उजव्याच पायावर झुकत चालणारे इतके दिसतात, की हे प्रत्येकाला पुन्हा सांगावंसं वाटतं.

गुडघ्याला वेदनाशामक मलम उपयोगी पडतं. खुबा खोल असतो, तिथे ते पोचत नाही. पोटातून घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांचा विचार करून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि थोड्या दिवसांसाठीच. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर खर्च करू नका, त्याचा ठोस फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. दुर्बिणीतून गुडघा 'धुऊन' घेण्याचाही नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही रुग्णांच्या गुडघ्यावर नुसते छेद देऊन टाके घातले होते, आत काहीच केलं नव्हतं, तरी त्यांना तितकाच आराम पडला होता. स्टेरॉईडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण ज्या सांध्याचं ऑपरेशन तीन महिन्यांच्या आत होणार असेल त्यात ते घेऊ नका, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आईंना आधी इंजेक्शन दिलेलं असेल तर तारीख सर्जनना सांगा.

हे ऑपरेशन घाईचं नसतं, हे खरं. तरी फार ताणण्यातही नुकसान आहे. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, मांडी बारीक होत चालली असेल, रोज झोपमोड होत असेल, तर वर्षभर थांबून हाती काही लागत नाही. ऑपरेशनला जाताना स्नायूंची जी ताकद असेल तिथूनच पुढची सुरुवात होते. कृत्रिम सांधा दहाच वर्षं टिकतो ही भीती जुनी आहे. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार २५ वर्षांनंतरही १०० पैकी साधारण ५८ खुबे आणि ८२ गुडघे टिकून होते. त्याचबरोबर हेही सांगायला हवं की गुडघा बदललेल्या दर दहा जणांत एक-दोन जण नंतर समाधानी नसतात. खुब्याचे रुग्ण सहसा जास्त खूश असतात.

तारीख ठरली की मधले आठवडे वाया घालवू नका. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथेच.

शुगर असेल तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ताची चाचणी, करून घ्या. बहुतेक सर्जन तो आकडा साडेसात-आठ टक्क्यांच्या खाली आणायला सांगतात, कारण शुगर वाढलेली असली की जखम नीट भरत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आधी भरून काढा, नाहीतर रक्त चढवावं लागण्याची शक्यता वाढते. तंबाखू, सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद. किडलेला दात, लघवीचा त्रास, पायाच्या बोटांमधलं चिघळणं, मांडीवरचा फोड, यातलं काहीही असेल तर लपवू नका. नव्या सांध्यात जंतू गेले तर ते निस्तरायला पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं. ऑपरेशनच्या भागावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, त्वचेला बारीक चिरा पडतात. सगळ्या औषधांची यादी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसकट, भूलतज्ज्ञांपुढे ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे त्यांनीच ठरवायचं.

व्यायामांत दोन गोष्टी रोज हव्यात. पहिली: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी घडी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. मांडी घट्ट होते आणि गुडघ्याची वाटी वर सरकताना दिसते. पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दुसरी: हात असलेल्या, भक्कम आणि जरा उंच खुर्चीवर पुढे सरकून बसायचं, पाय किंचित मागे घ्यायचे, नाक पायांच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत वाकायचं आणि उठायचं. बसताना मात्र चार मोजत सावकाश. धप्पकन बसलं तर व्यायामाचा निम्मा फायदा गेला. सुरुवातीला हातांचा आधार घ्यायला हरकत नाही.

वॉकर आधीच आणा आणि त्याच्याबरोबर चालून बघा. ऑपरेशननंतर दुखत असताना, गुंगीत, पहिल्यांदा वॉकर हातात घेणं फार जड जातं. जिन्याचा नियमही आत्ताच पाठ करून घ्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

घरात पलंग आणि खुर्ची गुडघ्यापेक्षा उंच हवी. कमोडवर उंच सीट बसवा, बाजूला धरायला दांडी लावा. घसरणाऱ्या सतरंज्या आणि पायात येणाऱ्या वायरी काढून टाका, रात्री वाटेत दिवा राहू द्या. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर ठेवा. पहिले एक-दोन आठवडे सोबत कोण असेल, हे आधीच ठरलेलं असू द्या.

ऑपरेशन बहुतेक वेळा कमरेतून भूल देऊन होतं आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं केलं जातं. खुब्यानंतर काय टाळायचं, हे तो कोणत्या बाजूने उघडला यावर असतं. मागून असेल तर काही आठवडे खाली वाकणं, पायावर पाय टाकणं, बुटक्या आसनावर बसणं बंद. हे सर्जनकडून लिहून घ्या. पुढे गुडघा बदलला तर त्याखाली उशी ठेवून झोपू देऊ नका. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि मग तो सरळ करणं फार कष्टाचं होतं. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, कधी टकटक आवाज येतो, सूज काही महिने टिकते. ते घाबरण्यासारखं नाही. मात्र पोटरी दुखून सुजली, छातीत दुखलं किंवा अचानक धाप लागली, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, थंडी वाजून ताप भरला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं औषध बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडायचं नाही.

आणि दुसऱ्या ऑपरेशनची तारीख आत्ताच घेऊन ठेवू नका. खुब्यानंतर तीन-चार महिन्यांनी, चाल सुधारल्यावर आणि मांडीत ताकद आल्यावर गुडघा नव्याने तपासून घ्या. काहींचं दुखणं तोवर इतकं उतरलेलं असतं की गुडघा पुढे ढकलता येतो. तसं झालं नाही तर खुब्याच्या निमित्ताने केलेला हाच व्यायाम गुडघ्याच्या वेळी कामी येतो.