आई-बाबा साठीनंतर चर्चच्या सेवेसाठी दोन वर्षं केनियाला चाललेत. सोलापूर सोडून त्यांना तिथे जमेल का?

जमेल. माझे काका-काकू आपल्या सोलापुरातूनच असे नैरोबीला गेले होते.

आधी लसीचं बघा. केनियाहून परतताना भारतात पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचा दाखला मागतात आणि लस घेतल्यावर तो 10 दिवसांनी लागू होतो. साठीनंतर या लसीच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका.

नैरोबी जवळपास 1,800 मीटर उंचीवर आहे, जुलैत चांगलाच गारठा असतो. आपल्या उन्हात आयुष्य गेलेल्यांना तो बाधतो, तेव्हा चादरी आणि स्वेटर द्याच. जेवणाची फार काळजी नको. तिथे चपाती घरोघरी खातात. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे उगाली, काकूंना शेंगाचटणीबरोबर आवडायलाच लागली.

खरी कसोटी घरात असते. काका निवृत्त मुख्याध्यापक, आयुष्यभर सूचना देत आलेले. तिथे मुलाच्या वयाचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, त्यांना काम सांगायचे. काकूंनी शिवणवर्ग सुरू केला, बायका जमल्या, त्या रमल्या. काका मात्र दिवसभर खोलीत, आणि चिडचिड काकूंवर. मुलांना गणित शिकवायचं काम मिळालं तेव्हा ते सावरले. म्हणून निघण्याआधीच चर्चला विचारा, दोघांना नेमकं कोणतं काम देणार? प्रत्येकाचं वेगळं हवं.

फोन रात्री करा. ते आपल्या अडीच तास मागे असतात.