एका डायोडपायी अडलेली ऑर्डर

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचे पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) जुळणीचे छोटे युनिट असून चाकणच्या वाहन-उद्योगाला आम्ही बोर्ड पुरवतो. चीनमधून उद्योग भारतात येत असल्याचे रोज वाचतो. मग सुट्या भागांसाठी आमची ओढाताण का संपत नाही? साठा वाढवावा का?
– एक उद्योजक, पुणे

उत्तर : आपण वाचता ते खरे आहे, पण अर्धेच. भारतात आली ती मुख्यतः जुळणी. बोर्डावर बसणारे भाग अजूनही बहुतांशी पूर्व आशियातून येतात. सप्टेंबर २०२५ अखेरीस नेदरलँड्स सरकारने तेथील, पण चिनी मालकीच्या नेक्सपेरिया या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारभाराचा ताबा घेतला आणि लगोलग चीनने आपल्याकडून होणारी तिची निर्यात रोखली. तिचे वेफर (ज्यांवर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) प्रामुख्याने युरोपात बनत असले, तरी बहुतेकांचे पॅकेजिंग, म्हणजे ते कापून आवरणात बसवणे, चीनमध्येच होत असल्याने, अगदी स्वस्त डायोड-ट्रान्झिस्टरांपायी जगभरचे वाहन कारखाने अडचणीत आले. बोर्डावरचे इतर सर्व भाग हाती असूनही एक नसला की ऑर्डर अडते, आणि बाकीच्या मालात पैसा अडकतो तो वेगळाच.

केंद्राने २०२५ मध्ये २२,९१९ कोटी रुपयांची तरतूद करून आणलेल्या इलेक्ट्रॉनिक सुटे भाग योजनेतून पीसीबी, कपॅसिटर, रेझिस्टर येथे बनू लागतील. डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी (चिप) अशा अर्धवाहक भागांची सोय मात्र तिच्यात नाही. त्यामुळे आपली खरी अडचण तिने लवकर सुटेल, असे मला वाटत नाही.

सरसकट साठा करू नये. ज्या भागाला पर्याय नाही आणि ज्याचा लीड टाइम (मागणी नोंदवल्यापासून माल हाती येईपर्यंतचा काळ) लांब आहे, त्याचाच करावा. ओलाव्याला संवेदनशील असलेल्या कित्येक आयसी तर पाकीट उघडल्यावर १६८ तासांत सोल्डर कराव्या लागतात, नाहीतर ओलावा घालवण्यासाठी त्या तापवण्याचा (बेक करण्याचा) खटाटोप येतो. त्याहून मोलाचे काम म्हणजे डिझाइनच्या वेळीच त्याच पिनरचनेचा दुसऱ्या कंपनीचा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेणे. तुटवडा आल्यावर ही मंजुरी मिळायला महिने जातात, आणि तेवढ्यात बाजारात मिळणारा अनोळखी माल बनावट निघण्याचा धोका असतो.

खेळते भांडवल अडकू नये, यासाठी सूक्ष्म-लघू उद्योगांची ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी आपल्याकडे आहे का, ते तपासावे. सूक्ष्म किंवा लघू उत्पादकाचे पैसे करारानुसार, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते न केल्यास, खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू असून तिचा उल्लेख प्रत्येक बिलावर करावा.