स्वतः लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम ऑनलाइन कम्प्युटर स्पर्धेत उतरवायचाय, पण तो अजून कच्चा आहे. थांबू का?

थांबू नका, उतरवा. तुम्ही लिहिलंय की प्रोग्राम पायथनमध्ये आहे, रूममेटला हरवतो, तुमच्याकडून मात्र कधीकधी हरतो, आणि पहिल्याच स्पर्धेत शोभा व्हायला नको. शोभा होणारच. पण ती कच्चं खेळल्यामुळे नाही, तर जिंकत आलेल्या डावात प्रोग्राम मध्येच गप्प बसला म्हणून होईल. ताकद नंतर वर्षभर वाढवता येते. न अडखळता शेवटची चाल खेळणं मात्र पहिल्या फेरीपासून लागतं.

नागपुरात सक्करदऱ्याला माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, सी प्लस प्लस रात्री जागून शिकलो. नागपूरचा माणूस आणि बुद्धिबळ म्हटलं की लोकांना लगेच ग्रँडमास्टर रौनक साधवानी आठवतो, आणि दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून तर विचारूच नका. मी सातवीतल्या भाच्याकडून हरतो. प्रोग्राम लिहायला चांगलं खेळता यावंच लागतं असं नाही. माझ्या प्रोग्रामचं नाव टिल्लू. आमच्याकडे टिल्लू म्हणजे नळाला लावतात तो छोटा पंप. पाणी थोडं, आवाज फार.

टिल्लू पहिल्यांदा उतरवला तो मे महिन्यात. ९ फेऱ्या, शनिवार-रविवार, प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला ५ सेकंद जादा. प्रोग्राम आपापल्या घरच्या मशीनवर चालतो आणि इंटरनेटवरून सर्व्हरला जोडलेला असतो. आपण नुसतं समोर बसायचं, चालीत हात घालायचा नाही. जोड्या स्विस पद्धतीने, म्हणजे सारखे गुण असलेल्यांच्या लागतात, म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांत मार खाल्ला तरी पुढे आपल्यासारखेच समोर येतात. पायथन हळू चालतं, पण त्याची काळजी एवढ्यासाठीच नको. फेऱ्या युरोपच्या दुपारी ४ वाजता सुरू, म्हणजे मेमध्ये आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि आपले साडेआठ वाजतात, हे ध्यानात ठेवा.

आता दुसरी फेरी. टिल्लूकडे एक हत्ती जास्त होता. आधी एक अर्धचाल (एका बाजूची एक चाल) पुढचं बघायचं, मग दोन, मग तीन, असं टप्प्याटप्प्याने वाढवत जायचं, हे बहुतेक सगळेच प्रोग्राम करतात. माझा घोळ असा की घड्याळाकडे तो फक्त एक टप्पा पूर्ण संपल्यावर बघायचा. सातवा संपला, वेळ आहे, चला आठवा. आणि आठवा टप्पा सातव्याच्या सहापट वेळ खायचा. (पटावर सरासरी ३५ चाली शक्य असतात. फायद्याच्या नसलेल्या चाली मध्येच सोडून देणाऱ्या अल्फा-बीटा पद्धतीत चाली अगदी उत्तम क्रमाने तपासल्या तर ३५ च्या वर्गमुळाइतकं, म्हणजे सहाच्या आसपास ओझं उरतं. माझा क्रम उत्तम वगैरे नव्हता, त्यामुळे सहापट ही चांगल्या दिवसाची गोष्ट.)

जानेवारीत चाचण्या केल्या तेव्हा हे कधी अंगाशी आलं नाही. मेमध्ये वरच्या मजल्यावरची खोली, दिवसभर तापलेला स्लॅब, कूलर नुसती दमट हवा फेकतोय. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. सेकंदाला १० लाख स्थिती तपासणारा टिल्लू साडेपाच लाखांवर आला. वेग निम्मा झाल्याने खेळ फार बिघडत नाही, अर्ध्या अर्धचालीइतकंसुद्धा नाही. पण ४० सेकंदांत संपणारा टप्पा ७५ सेकंदांवर गेला आणि ऐन वेळेच्या टंचाईत फ्लॅग पडला, म्हणजे घड्याळातली वेळ संपून डाव गेला. बायको म्हणाली, "तुम्ही तर खेळून नाही राहिले, मग घाम कायले येऊन राहिला एवढा?"

त्यावर उपाय दोन ओळींचा आहे. दर दोनेक हजार स्थितींमागे एकदा घड्याळ बघा; वेळ संपली की अर्धवट टप्पा फेकून द्या आणि आधीच्या पूर्ण टप्प्यातली चाल खेळा. शिवाय चाल सर्व्हरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ धरून दर चालीमागे अर्धा सेकंद बाजूला ठेवा.

पाचवी फेरी मला अजून बोचते. वजीर आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा. हे भाचासुद्धा झोपेत जिंकेल. टिल्लूला मात दिसत होती, पडद्यावर तसा आकडाही येत होता, आणि तो वजीर इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत बसला. तीन वेळा तीच स्थिती आली आणि डाव बरोबरीत सुटला. नंतर कोड उघडल्यावर कळलं. मात सापडली की मी ३०,००० गुण देत होतो, मग ती एका चालीत असो की चार चालींत. त्याच्या लेखी घाई करायचं काही कारणच नव्हतं. आमची काही गिऱ्हाइकं असतात तशी: "पैसे आहेत ना भाऊ, उद्या देतो." ३०,००० मधून मात किती अर्धचाली दूर आहे तेवढे वजा करा, म्हणजे जवळची मात महाग ठरते. मात्र हे आकडे हॅश टेबलात (आधी तपासलेल्या स्थितींच्या साठ्यात) साठवताना आणि तिथून काढताना त्या स्थितीपासूनच्या अंतराप्रमाणे बदलावे लागतात, नाहीतर चूक मागच्या दाराने परत येते. आणि स्थिती पुन्हा आली की शून्य गुण, हे शोधाच्या आतच तपासा. मी ते केलं नव्हतं.

सहाव्या फेरीला वादळ आलं आणि लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती. घरात इन्व्हर्टर होता, दोन होते खरं तर. राउटर मात्र हॉलमधल्या ज्या पॉइंटला होता तो इन्व्हर्टरच्या लाइनीवर नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून परत जोडेपर्यंत डाव गेला होता. समोर जर्मनीतले एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांनी मेसेज करून "सगळं ठीक ना?" असं विचारलं. बाकीचे चार पराभव रीतसर झाले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. एकूण अडीच गुण.

तुमच्या प्रोग्रामकडे वळू. नियम बरोबर लिहिलेत का, हे डोळ्यांनी तपासू नका, मोजून तपासा. सुरुवातीच्या पटावरून शक्य चाली मोजल्या तर पहिल्या अर्धचालीला २०, दुसरीला ४००, मग ८,९०२, मग १,९७,२८१, आणि पाचवीला ४८,६५,६०९ यायला हव्यात. एकानेही फरक पडला तर कुठेतरी चूक आहे. पण इथवर जुळलं म्हणून पेढे वाटू नका. मी वाटले होते. कॅसलिंगसाठी (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्यासाठी) पांढऱ्याला किमान चार चाली लागतात, म्हणजे ते सातव्या अर्धचालीआधी येतच नाही. तुमचं कॅसलिंग संपूर्ण चुकलेलं असलं तरी हे पाचही आकडे जुळतील. म्हणून 'किवीपीट' नावाची प्रसिद्ध चाचणी-स्थिती घ्या, तिथे पहिल्याच चालीला कॅसलिंग शक्य आहे: ४८, २,०३९, ९७,८६२.

एन पासंट, म्हणजे दोन घरं पुढे येऊन शेजारी थांबलेलं प्यादं जाताजाता मारणं, याचा एक सापळाही बघून ठेवा. पांढरा राजा आणि काळा हत्ती एकाच आडव्या रांगेत, मध्ये फक्त एक पांढरं आणि एक काळं प्यादं. एन पासंटने मारलं की दोन्ही प्यादी एकदम रांगेतून जातात आणि राजा उघडा पडतो, म्हणून ती चाल नियमबाह्य. एकेक प्यादं तपासणाऱ्या कोडला हे दिसत नाही, आणि नियमबाह्य चाल पाठवली की डाव गेलाच समजा.

यूसीआयने (बुद्धिबळाचे प्रोग्राम बाहेरच्या सॉफ्टवेअरशी ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात तिने) बोलणार असाल तर उत्तर छापल्यावर बफर, म्हणजे पाठवण्याआधी मजकूर साठतो ती जागा, रिकामा करायला विसरू नका. पायथनमध्ये हे हमखास होतं: प्रोग्रामने चाल सांगितलेली असते, ती बफरमध्ये अडकून पडते, आणि तुम्ही तासभर शोधाच्या कोडमध्ये चूक हुडकत बसता.

सरावाला लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर बॉट (प्रोग्रामचं) खातं काढा. खातं कोरं हवं, त्यावर एकही डाव खेळलेला नको, आणि एकदा बॉट केलं की परत माणसाचं होत नाही. तिथे रात्रभर सोडून द्या आणि सकाळी फक्त एवढंच बघा की किती डाव वेळेवर, क्रॅशवर किंवा जोडणी तुटून गेले. किती जिंकले ते बघायचा मोह होतो, पण शंभर डावांतही ५०-६० एलो (ताकदीचे गुण) इकडे-तिकडे नशिबाने होतात. दहा डावांवरून तर काहीच कळत नाही.

कोड मात्र स्वतःचा ठेवा. स्टॉकफिश या तगड्या प्रोग्रामचा कोड सगळ्यांना खुला आहे, वाचा, कल्पना समजून घ्या, पण उचलू नका. उचलेगिरीच्या ठपक्यावरून २०११ मध्ये रिब्का या प्रोग्रामची २००७ ते २०१० ची जगज्जेतेपदं आयसीजीए या कम्प्युटर-खेळांच्या संघटनेने काढून घेतली होती. छोट्या स्पर्धांतही आयोजक कोड मागू शकतात.

टिल्लू अजून खेळतो, रात्री दुकान बंद झाल्यावर. तुमचा बॉट तयार झाला की इथेच सांगा, डाव लावू. फक्त दुपारी नको, दुपारी त्याच लॅपटॉपवर बिलं निघतात.