यंत्राआधी नमुना: प्रथिनांच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीविषयी वाचकांचे प्रश्न

तालुक्याच्या महाविद्यालयांतून येणाऱ्या पत्रांत एक समज सतत दिसतो: मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजून प्रथिने ओळखण्याचे यंत्र, महागडे आहे, तेव्हा नमुना कसाही असला तरी चालेल. हा समज चुकीचा आहे.

प्र. (यवतमाळ) : तुडतुडे पडलेल्या पऱ्हाटीची (कपाशीची) पाने बर्फाच्या डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी एसटीने नागपूरला नेली तर चालतील का?

उ. : चालणार नाहीत. पान तोडले म्हणून त्यातील पेशी लगेच मरत नाहीत. त्या जखमेला आणि पाणी तुटल्याला प्रतिसाद देत राहतात, आणि पेशी फुटल्या की प्रथिने तोडणारी विकरे मोकळी होतात. दुसऱ्या दिवशी यंत्र जे मोजते, त्यात तुडतुड्यांचा परिणाम किती आणि प्रवासाचा किती, हे नंतर कोणालाही वेगळे काढता येत नाही. म्हणून पाने बांधावरच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावीत, पुढे उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवावीत आणि गोठलेल्या अवस्थेतच वाटावीत. द्रव नायट्रोजन खेड्यात मिळत नाही, असे ऐकीव उत्तर मला देऊ नये. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात, तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करावी. त्याचे भांडे घट्ट बंद करू नये, बंद गाडीतून नेऊ नये आणि पहिल्या वेळी जाणकार सोबत असावा. पऱ्हाटीच्या पानांत पॉलिफेनॉल (प्रथिनांना चिकटून अडथळा आणणारी रसायने) भरपूर असल्याने प्रथिने काढण्याची पद्धत (टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल आणि ॲसिटोन, की फिनॉल) प्रयोगशाळेशी बोलून पाने तोडण्यापूर्वीच ठरवावी. भारनियमनात फ्रीझर बंद पडून नमुना वितळला असेल, तर तो पुन्हा गोठवून गुपचूप पाठवू नये. तशी नोंद करावी आणि शक्य असेल तर नमुना नव्याने घ्यावा.

प्र. (वाशीम) : हातमोजे घालणे आवश्यकच आहे का?

उ. : होय, नाहीतर तुमच्याच त्वचेतील केराटीन हे प्रथिन नमुन्यात सापडेल.

प्र. (अमरावती) : यंत्राच्या नोंदींतून प्रथिने ओळखणारे मॅक्सक्वांट हे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते का?

उ. : नाही, ते मोफत आहे.

प्र. (वर्धा) : एका खासगी प्रयोगशाळेचा प्रतिनिधी ‘तीन हजार प्रथिनांची हमी’ देतो. पैसे भरावेत का?

उ. : नमुना न पाहता दिलेली हमी ही विक्रीची युक्ती आहे. प्रथिनांच्या पातळीवर चुकीच्या ओळखींचे प्रमाण १ टक्का धरले, तरी ३,००० च्या यादीत सुमारे ३० नावे चुकीची असू शकतात. चुकांची ही मर्यादा सैल केली की यादी आपोआप लांबते. ही मर्यादा किती ठेवली, ती कोणत्या पातळीवर (प्रथिनांच्या की त्यांच्या तुकड्यांच्या) लावली आणि कच्च्या फायली (यंत्राने नोंदवलेली मूळ माहिती) मिळतील का, हे लेखी विचारावे. स्वतंत्र नमुने किती घ्यायचे, ते संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांशी आधीच ठरवावे.

प्र. (गडचिरोली) : भावाला सिकलसेल आहे का, हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने कळेल काय? तोपर्यंत थांबलो आहोत.

उ. : कळू शकते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने तिचे वस्तुमान ३० डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) घटते, आणि यंत्र हा फरक टिपते. परंतु त्यासाठी थांबणे अत्यंत चुकीचे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील सोल्युबिलिटी चाचणी वाहक (एकच सदोष जनुक असलेला) आणि रुग्ण यांतील फरक सांगत नाही, म्हणून तीवर न थांबता एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या) करून घ्यावे. भावाला आजच डॉक्टरांकडे न्यावे.