हरताळी पोथी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आजोबांनी काठमांडूहून आणलेली घडीची पोथी घरात आहे. पाने पिवळीधमक, त्यांवर अनेकमुखी देवी आणि मंडले. घड्यांपाशी रंग सुटतो आहे. वॉर्निश लावावे का? शेवटी ‘संवत् ८५२’ आहे, म्हणजे इ.स. ७९५ ना?

उत्तर: वॉर्निश अजिबात नको. वर्णनावरून ही काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाची, म्हणजे नेवारी, ‘थ्यासफू’ दिसते: लोक्ता झुडपाच्या सालीच्या कागदाची लांब पट्टी, पंख्यासारखी दुमडलेली. नेवार पुरोहित पूजेत मंत्र, मुद्रा आणि देवतांची ध्याने पाहायला अशा पोथ्या वापरत.

पिवळा थर हळदीचा समजू नका. बहुधा तो हरताळ, म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे खनिज. कीड लागू नये म्हणून ते कागदाला फासत. आपल्याकडे लेखनिक चुकलेल्या अक्षरावर हेच लावत; ‘हरताळ फासणे’ तिथूनच आले. ते विषारी आहे. थुंकी लावून पान उलटू नका, नायट्राइलचे हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. सुटलेली पिवळी पूड झटकू किंवा फुंकू नका. मुलांच्या हाती तर पोथी देऊच नका.

रंग घडीवरच सुटतो, कारण कागद वाकतो पण त्यावरचा सरसात कालवलेला रंग वाकत नाही. हवा फार कोरडी झाली की सरस तडकतो, दमट झाली की मऊ पडून समोरच्या पानाला चिकटतो. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. पूर्ण पट्टी उलगडू नका. एका वेळी दोनच पाने, खाली सपाट आधार देऊन. पोथी आडवी ठेवा, धुतलेल्या बिनरंगी सुती बासनात. नवे लाल कापड ओलाव्याने रंग सोडते. चौकट करून भिंतीवर लावायचा मोह होईल, पण उजेडात हरताळ फिकटते आणि तिचे पांढरे, अधिक घातक आर्सेनिक ऑक्साइड होते. पाहताना प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आत हवा. सुटलेले रंग बसवणे हे हस्तलिखित-संवर्धकाचेच काम. सेलोटेप लावून ते अवघड करून ठेवू नका.

आता संवत्. तुम्ही विक्रम संवत धरून ५७ वजा केले. नेवारी पोथीत नुसते ‘संवत्’ असले तरी ते बहुतेक वेळा नेपाळ संवत असते. त्याची सुरुवात ऑक्टोबर ८७९ मध्ये झाली. वर्ष कार्तिकात बदलते, म्हणून तिथून डिसेंबरअखेर ८७९ मिळवा, उरलेल्या महिन्यांत ८८०. तुमची पोथी १७३१-३२ची ठरते, नऊशेहून अधिक वर्षांनी अलीकडची. महिना आणि तिथी मात्र पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या नोंदीत, नीट वाचून घ्या.

आणखी एक: ७५ वर्षांपेक्षा जुने महत्त्वाचे हस्तलिखित १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. परदेशी नातेवाइकांना भेट म्हणून पाठवू नका.

प्रश्न: निळ्या-काळ्या कागदावरच्या पोथीत काही ओळी सोनेरी चमकतात, काही काळवंडल्यात. पुसाव्यात का?

उत्तर: नको. काळ्या ओळी बहुधा चांदीच्या शाईच्या. हवेतल्या गंधकाने त्या काळवंडतात, सोने तसेच राहते. घरची चांदी चिंच-रांगोळीने उजळते, इथे तो थर इतका पातळ असतो की अक्षरच निघून येईल.