केळीचा कंद सडण्याआधी जिवाणूने काय काय हेरलेलं असतं

भाऊ, तुमची अडचण थोडक्यात अशी: यावलकडे मेअखेरीस लावलेली टिश्यूकल्चरची ग्रँड नैन जातीची केळी, पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) पिवळा पडून कुजतोय, रोप जरा हलवलं तर बुंध्यातून हातात येतं आणि कंद मातीतच राहतो. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) दोनदा झाली, फरक नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, "शेजारची ओळ ठणठणीत आहे, मग या जिवाणूला माझं रोप नेमकं सापडतं कसं?" औषध कोणतं हे सगळेच विचारतात. तुम्ही 'कसं' विचारलंत आणि औषधाचं उत्तर त्यातच दडलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही सांगितलेली लक्षणं इर्विनिया कंदकुजीची आहेत. या जिवाणूंना आता पेक्टोबॅक्टेरियम आणि डिकेया अशी नावं आहेत, पण आपल्याकडे सगळे इर्विनियाच म्हणतात. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला पकडून तिची वाढ थांबवतं. जिवाणूत त्याला पकडायला ते प्रथिनच नाही. त्यामुळे तिसरी आळवणी केली तरी पैसेच जातील.

आता सापडण्याबद्दल. झाडाच्या मुळांतून साखर, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं सतत पाझरत असतात. जिवाणूच्या अंगावर हे पदार्थ ओळखणारी प्रथिनं असतात. आत्ता आजूबाजूला हा पदार्थ किती आहे आणि क्षणभरापूर्वी किती होता, याची तुलना ती करतात. प्रमाण वाढत असेल तर जिवाणू सरळ पोहत राहतो, घटत असेल तर गिरकी घेऊन दिशा बदलतो. अशा गिरक्या घेत तो मुळापर्यंत येतो. मात्र पोहायला पाणी लागतं. मातीच्या कणांमध्ये पाण्याचा सलग पापुद्रा असेल तरच हा प्रवास होतो. टोमॅटो-वांग्याची मर आणणाऱ्या राल्स्टोनियावर २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पोहता येतं पण दिशा ओळखता येत नाही, असे जिवाणू तयार करून ते टोमॅटोच्या मातीत ओतले, तेव्हा मर कमी आली. तेच जिवाणू थेट खोडात घातले तर नेहमीइतकीच मर आली. म्हणजे हेरण्याची ताकद त्याला दारापर्यंत पोचायला लागते, आत शिरल्यावर तिचं काम संपतं.

पण दारापर्यंत पोचला म्हणजे आत गेला असं नाही. बुरशीला पानाची किंवा मुळाची कातडी भेदता येते, जिवाणूला येत नाही. त्याला आयती वाट लागते: पर्णरंध्र, पानाच्या कडेची पाणी टाकणारी छिद्रं किंवा जखम. केळीत बहुतेक वेळा जखमच असते. पिशवीतून काढताना तुटलेली मुळं, सूत्रकृमींनी पाडलेली छिद्रं, पिलं कापताना कंदाला लागलेला विळा. तुमची आजारी रोपं एकाच ओळीत असतील तर ती ओळ कोणी लावली, कशाने कोरली आणि तिथे ठिबकचं पाणी साचतं का, हे बघा. शेजारची ओळ वाचण्याचं कारण बहुधा यातच सापडेल.

आत शिरल्यावर जे घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. दोन पेशींना चिकटवून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. जिवाणू आधी पेक्टिन तोडणारी विकरं (एन्झाइम) अगदी थोडी सोडतो. पेक्टिन तुटलं की त्याचे तुकडे जिवाणूच्या पोटात जातात, आणि त्यांतून बनणारं एक रसायन विकरांच्या जनुकांवर बसलेल्या पहारेकरी प्रथिनाला बाजूला सारतं. पहारा उठला की विकरं कित्येक पटींनी वाढतात, अजून पेक्टिन तुटतं, अजून पहारे उठतात. झाडाचा चुरा हाच जिवाणूला मिळालेला निरोप असतो की इथे झाड आहे, लागा कामाला.

त्यावर दुसरं कुलूप संख्येचं. प्रत्येक जिवाणू एक छोटा रेणू बाहेर सोडतो. जिवाणू मोजके असतील तर तो विरून जातो, दाटी झाली की साठतो, आणि मग सगळे मिळून विकरांचा मारा करतात. थोडे असताना मारा केला असता तर झाड सावध झालं असतं. १९९३ मध्ये पेक्टोबॅक्टेरियममध्ये (तेव्हाचं इर्विनिया) हा रेणू असं काम करतो हे दाखवलं गेलं. २००१ मध्ये त्याहून पुढची गोष्ट झाली. बॅसिलस जातीच्या एका जिवाणूतलं, हा रेणू तोडणारं विकर तंबाखू आणि बटाट्याच्या झाडात घातलं, तर ती झाडं कुजीला चांगली तोंड देऊ लागली. जिवाणू मेले म्हणून नाही, त्यांना आपण किती आहोत हे कळेना म्हणून. मला हा सगळा विषय आवडू लागला तो या एका प्रयोगामुळे.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. पोंगा पिवळा दिसतो तेव्हा संख्या जमलेली असते आणि मारा सुरू झालेला असतो. त्या रोपाला कोणतंही औषध वाचवत नाही. त्यात आपल्याकडचं ऊन. तापलेल्या जमिनीत ठिबक जास्त वेळ चालवलं की मुळांपाशी गरम, ओलं आणि हवा नसलेलं वातावरण तयार होतं. केळीची मुळं त्यात गुदमरतात, झाडाची प्रतिकारशक्ती ढासळते, आणि या जिवाणूला तर प्राणवायूशिवायही जगता येतं.

कपाशीचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्याकडे तीही आहे. तिच्यावरचा जिवाणूजन्य करपा झँथोमोनास आणतो आणि त्याची रीत उलटी आहे. तो पेशी फोडत नाही, जिवंत ठेवून लुटतो. झडीच्या दिवसांत पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पानावर येतो आणि पर्णरंध्रातून आत जातो. जिवाणूच्या शेपटीच्या प्रथिनाची चाहूल लागली की झाड रंध्रं मिटून घेतं, पण हवेत दमटपणा फार असेल तर ही मिटण्याची क्रिया ढिली पडते. आत गेल्यावर, आपण झाडात आहोत हे अन्नाच्या टंचाईवरून ओळखून, तो सुईसारखी नळी उभारतो आणि पेशीत प्रथिनं सोडतो. त्यातलं एक प्रथिन थेट कपाशीच्या डीएनएवर बसून साखर बाहेर सोडणारं जनुक चालू करतं. २०१७ मध्ये हे नेमकं कपाशीतच दाखवलं गेलं. आधी पाणचट दिसणारे आणि शिरांनी अडवलेले म्हणून कोनाकृती झालेले ठिपके, हे त्याचंच रूप.

आता तुमच्या शेतात काय करायचं. आजारी रोप कंदासकट उपटा, बांधावर टाकू नका, पाटात तर मुळीच नको. शेताबाहेर खड्ड्यात पुरा. रोप जिथून उपटलं त्या जागी ब्लीचिंग पावडर टाका आणि यंदा तिथे लगेच नांगे भरू नका, म्हणजे नवं रोप लावू नका. आजूबाजूच्या निरोगी दिसणाऱ्या रोपांना कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी करा, लेबलवरच्या मात्रेत. तांबं स्पर्शाने मारतं, कंदाच्या आत पोचत नाही. म्हणून ते शेजाऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी नाही. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाच्या मागे लागू नका. जिवाणू त्याला लवकर सरावतो आणि तीच औषधं माणसांनाही लागतात. ठिबक एकदम जास्त वेळ चालवण्याऐवजी थोडं थोडं द्या आणि वाफसा टिकवा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही राहू द्या. काळी जमीन असेल तर निचऱ्याची चारी आधी, बाकी सगळं नंतर. पिलं कापताना विळा दर झाडागणिक ब्लीचच्या पाण्यात बुडवा, मजूर कंटाळले तरी. पुढच्या वेळी मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावरची लागवड) तापलेल्या जमिनीत लावण्यापेक्षा एक-दोन चांगले पाऊस होऊ द्या.

एक काम मात्र आजच करा. उपटलेल्या रोपाचा कंद उभा चिरून फोटो टाका. आतून तपकिरी-पिवळसर, पाणी सुटलेला आणि वास मारणारा असेल तर मी म्हणतो तेच. वास नसेल आणि खोडात उभ्या तपकिरी-लालसर रेषा दिसल्या, तर ती पनामा मर असू शकते. ती बुरशी आहे आणि तिचं सगळं गणित वेगळं. तसं असेल तर वरचं काहीही करण्याआधी नमुना कृषी विज्ञान केंद्रात दाखवा आणि त्या शेतातली माती, अवजारं, पिलं बाहेर जाऊ देऊ नका.